बाउंडरी वॉटर्सला जायचंय? आधी माणसं मोजा

थंडी ओसरायला लागली की मिनेसोटातल्या आपल्या मराठी मंडळींचे बेत सुरू होतात. "यंदा बाउंडरी वॉटर्स! पाच-सहा कुटुंबं मिळून जाऊ." जरूर जा. पण उत्तर मिनेसोटातल्या या तळ्यांच्या राखीव जंगलात एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार कनू (वल्ह्यांच्या अरुंद होड्या), एवढीच परवानगी आहे. यावर "दोन परमिटं काढू आणि आत एकत्र तंबू ठोकू" असं कुणीतरी सुचवतंच. तेही चालत नाही. पाण्यावर, पायवाटेवर, मुक्कामाला, कुठेही नवापेक्षा जास्त जणांनी एकत्र असायचं नाही.

अनेकांना हा जाच वाटतो. मला मात्र हा नियम मनापासून पटतो. कॅनडाच्या सीमेला लागून दहा लाख एकरांहून मोठं जंगल, त्यात हजारावर तळी. 1978 च्या कायद्याने बहुतेक तळ्यांवर मोटरबोटी बंद झाल्या, म्हणून लून पक्ष्याची साद आजही दूरवरून ऐकू येते. तंबूच्या जागा बघा: खडकावर मातीचा जेमतेम थर, चुलीची एक जाळी, मागे झाडीत एक उघडा संडास. तिथे वीस जण राहिले की माती तुडवली जाते, झाडांची मुळं उघडी पडतात. ते झाड पुन्हा उभं राहायला आपलं आयुष्य पुरणार नाही.

सामानाचा विचारही याच हिशेबाने करा. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनू आणि सगळं ओझं खांद्यावर घ्यावं लागतं. नकाशावर ही अंतरं 'रॉड'मध्ये असतात. 320 रॉड म्हणजे एक मैल. लहान मुलं असतील तर पहिल्या दिवशी इतकी लांब वाट मुळीच निवडू नका. खाण्यापिण्याचे डबाबंद टिन आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, त्यामुळे लोणच्याची बरणी घरीच. मेतकूट, भाजणी, खिचडीचं कोरडं मिश्रण उत्तम. रात्री सगळं खाणं अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात, नाहीतर झाडाला उंच टांगून. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको, आणि याबाबतीत मुलांचे लाड करू नका.

मे ते सप्टेंबर प्रत्येक प्रवेशठिकाणाहून रोज ठरावीक गटच आत सोडतात. बुकिंग जानेवारीच्या अखेरीस उघडतं आणि लोकप्रिय तारखा पटकन जातात, म्हणून कोण येणार हे संक्रांतीच्या आसपासच पक्कं करा. सगळ्यांनी एकत्रच राहायचं असेल तर लेक सुपिरिअरच्या काठी गूजबेरी फॉल्स स्टेट पार्कात मोठ्या गटांसाठी वेगळी जागा आहे, तिथे जा.