मराठीत आर्टिकल नाहीत, पण फरक आहे

पालकांच्या ग्रुपांवर मुलांच्या इंग्रजीबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. मराठीत इंग्रजीसारखी आर्टिकल (अ, ॲन, द) नाहीत, त्यामुळे ‘ठरावीक’ आणि ‘कुठलंतरी’ हा फरकच मराठी डोक्यात नसतो. ‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’ एवढं पाठ करून घ्या. आणि घरात मराठी बंद करा. यातलं पहिलं अर्धं वाक्य तेवढं खरं.

फरक डोक्यात नसतो? ‘दारात कुत्रा बसलाय’ आणि ‘कुत्रा दारात बसलाय’ ही दोन वाक्यं कुठल्याही आजीला ऐकवा. पहिल्यात कुठलातरी कुत्रा आलाय, ती त्याला हाकलायला उठेल. दुसऱ्यात घरचा मोत्या आहे. शब्द तेच, फक्त क्रम बदलला. विभक्तीही हे काम करते. ‘आम्ही मुलगी बघायला चाललोय’ म्हटलं की शेजारी विचारतात, स्थळ कुठलं? ‘मुलीला बघायला चाललोय’ म्हटलं की विचारतात, काय झालं तिला? शिवाय ‘एक’ आणि ‘तो-ती-ते’ आहेतच. इंग्रजीतला अ तरी कुठून आला? जुन्या इंग्रजीतल्या ‘एक’मधून. आणि द आला ‘तो’सारख्या दर्शक शब्दातून.

मग मुलं अडतात कुठे? सक्तीपाशी. आपल्याकडे खूण हवी तेव्हा करायची. इंग्रजीत एकवचनी, मोजता येणारं नाम सहसा उघडं सोडताच येत नाही. ‘ती डॉक्टर आहे’ला मराठीत ‘एक’ लावलं तर उलट कानाला खटकतं. म्हणून ‘शी इज डॉक्टर’. मराठीचा परिणाम होतो तो इथे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’ हा नियम तर पहिल्या सायकलवरच पडतो. ‘आय बॉट अ सायकल, बट द चेन वॉज लूज.’ चेनचा उल्लेख आधी कुठे झालाय? सायकल म्हटली की चेन आलीच, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून द.

आर्टिकलवाल्या भाषांतल्या लोकांना हे आयतं मिळतं, असंही त्या मजकुरात सुचवलेलं असतं. पण फ्रेंच माणूसही ‘द लाइफ इज ब्यूटिफुल’ असं चुकीचं म्हणून जातो, कारण त्याच्या भाषेत तिथे आर्टिकल लागतं. उलट रशियन आणि कोरियन भाषांत आर्टिकल नाहीत. त्या भाषकांवर आयोनिन, को आणि वेक्स्लर या भाषा-अभ्यासकांनी 2004 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की त्यांच्या चुकाही अंदाधुंद नसतात. बोलणाऱ्याच्या मनात विशिष्ट वस्तू असेल, पण ऐकणाऱ्याला ती माहीत नसेल, तिथे ते अ ऐवजी द लावून बसतात. म्हणजे फरक त्यांनाही कळतो, फक्त इंग्रजीने रेघ दुसरीकडे ओढलीय.

राहिलं घरात मराठी बंद करणं. आईबाबाच ‘शी इज डॉक्टर’ म्हणत असतील, तर पोर तेच ऐकून उचलणार. त्यापेक्षा मोत्याची दोन वाक्यं त्याच्याकडून इंग्रजीत करून घ्या.