काखेतली ती गाठ विषाची नव्हे

श्रावणात आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि गणपतीपर्यंत तो देवगड-मालवणात घरोघरी पोचला. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या फोनमध्येही तोच होता. शेजारची सून तान्ह्या बाळाला घेऊन नुकतीच माहेरून आली होती. एका दुपारी तिची सासू फोन घेऊन आमच्या पडवीत आली आणि म्हणाली, "बाईनू, ह्यां वाचलात? पोराक सुई देवची की नको?"

मेसेज असा: "नवजात बाळाला बीसीजी देऊ नका. क्षय होतो फुफ्फुसात, लस टोचतात दंडात, ती तिथे पोचणार कशी? टोचल्यावर पुळी पिकते, काखेत गाठ येते, म्हणजे शरीर विष बाहेर टाकत असतं. टी-पेशी उपजतच जंतू ओळखतात, लसीने त्या आळशी होतात. त्यापेक्षा आईने आमसुलाचा काढा प्यावा, सात दिवसांत बाळाच्या टी-पेशी दुप्पट होतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी कुठे लस घेतली होती?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वाचून राग आला, पण त्याहून जास्त काळजी वाटली. पुळी खरीच येते, गाठही काही बाळांना खरीच येते. आईने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला खोटं कारण जोडलं की ते तिला लगेच पटतं.

सुरुवात टी-पेशींपासून करते, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींपासून, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. "उपजतच जंतू ओळखतात" हे अर्धं वाक्य आहे. अख्खा जंतू समोर येऊन ठाकला तरी टी-पेशीला तो दिसत नाही. तिला दिसते फक्त त्याच्या प्रथिनाची बारीक तुकडी. बंदरावरची मासळीवाली मावशी एक तुकडी बघून सुरमई की म्होरी ते सांगते, तसंच हे. पण मावशीला सगळे मासे ठाऊक असतात, टी-पेशीला जन्मभर एकाच प्रकारची तुकडी ओळखता येते. शिवाय ती तुकडी सुटी पडलेली असून चालत नाही. शरीराच्याच एखाद्या पेशीने ती आपल्या पृष्ठभागावरच्या एका खास रेणूत बसवून पुढे धरावी लागते. या रेणूला एमएचसी म्हणतात, माणसात त्याचंच नाव एचएलए. १९७४ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराला रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी उंदरांवर दाखवलं, की एका जातीच्या उंदराच्या मारेकरी टी-पेशी त्याच विषाणूने ग्रासलेल्या दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशींना हात लावत नाहीत. विषाणू तोच, पण त्याची ओळख पटवणारा रेणू वेगळा. या शोधाला १९९६ चं नोबेल मिळालं.

मग तुकडी करून दाखवतं कोण? आपल्या त्वचेत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने त्या १८६८ मध्ये पहिल्यांदा पाहिल्या आणि आकारावरून त्यांना चेतापेशी (मज्जातंतूंच्या पेशी) समजला. पुढे त्याला स्वतःलाच क्षय जडला, हवापालटासाठी तो मदीरा बेटावर गेला आणि चाळिशीत वारला. आपण पाहिलेल्या पेशींचं क्षयाशी काही नातं असेल, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. तशाच फांद्यांच्या पेशी १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन यांना उंदराच्या प्लीहेत सापडल्या. डेंड्रायटिक पेशी हे नाव त्यांनीच दिलं, आणि टी-पेशींना जागं करण्यात या पेशी सगळ्यांत तरबेज आहेत हेही पुढे त्यांनीच सिद्ध केलं. त्यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते.

आता बाळाच्या डाव्या दंडाकडे या. एक महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिलिलिटर बीसीजी देतात, तीही स्नायूत नाही, कातडीच्या थरात. फांद्यांच्या या पेशी जिथे असतात तिथेच. या पेशी लसीतले दुबळे केलेले जिवंत जंतू गिळतात, त्यांची प्रथिनं कातरतात आणि साधारण १३ ते २५ अमिनो आम्लांच्या तुकड्या दुसऱ्या वर्गाच्या एमएचसीवर चढवतात. त्या वाचतात मदतनीस टी-पेशी, म्हणजे सीडी४. (पेशीच्या आत वाढणाऱ्या विषाणूच्या तुकड्या आखूड असतात, त्या पहिल्या वर्गावर चढतात आणि सीडी८, म्हणजे मारेकरी पेशी त्या वाचतात.) मग तुकडी घेतलेली डेंड्रायटिक पेशी त्वचा सोडते आणि लसीकावाहिनीतून, म्हणजे पेशींभोवतीचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळीतून, जवळच्या लसीका ग्रंथीकडे निघते. डाव्या दंडाला जवळची ग्रंथी म्हणजे डावी काख.

एवढा प्रवास कशासाठी? नेमकी ती तुकडी ओळखणारी टी-पेशी लाखात किंवा दहा लाखांत एखादी असते. ती दंडावर योगायोगाने भेटायची वाट बघत बसलं तर जन्म जाईल. म्हणून न शिकलेल्या टी-पेशी एका ग्रंथीतून दुसऱ्या ग्रंथीत सतत फिरत असतात, प्रत्येक ठिकाणी काही तास थांबतात आणि समोर धरलेल्या तुकड्या चाचपून पुढे जातात. आठवडी बाजार एका जागी भरतो, म्हणून घेणारा आणि विकणारा यांची गाठ पडते. लसीका ग्रंथीचं काम तेच.

जोडी जुळली की पहिली खूण पटते, तरी टी-पेशी लगेच कामाला लागत नाही. डेंड्रायटिक पेशीच्या अंगावर बी७ नावाचे रेणू उगवलेले असावे लागतात. टी-पेशीवरच्या सीडी२८ ने ते पकडले की दुसरी खूण पटते. सोबत सायटोकाइन ही रासायनिक द्रव्यं मिळतात आणि पेशीने पुढे कोणतं काम करायचं ते ठरतं. दुसरी खूण नसताना नुसती तुकडी दिसली, तर टी-पेशी खरोखरच सुस्त पडते आणि नंतर बोलावूनही उठत नाही. म्हणजे मेसेजमधला आळशीपणा शरीरात आहे, फक्त तो बीसीजीच्या बाबतीत उलटा सांगितलाय. बी७ उगवतात ते धोक्याची चाहूल लागल्यावर, आणि बीसीजीच्या जंतूची भिंतच ती चाहूल देते. डेंड्रायटिक पेशीवरचे टोल नावाचे ग्राही रेणू ती भिंत ओळखतात. लसीने टी-पेशी आळशी होत नाहीत, लसीतल्या जंतूमुळेच त्या पुऱ्या जाग्या होतात.

म्हणून काखेतल्या गाठीकडे मी वेगळ्या नजरेने बघते. तिथे एका पेशीच्या हजारो होत असतात आणि जागा फुगते. पुळीचंही तसंच. दोन-तीन आठवड्यांनी ती येते, वाढते, फुटते आणि काही आठवड्यांत व्रण ठेवून बसते. शरीर काही बाहेर टाकत नसतं, टी-पेशी जंतूंना घेरत असतात. याचा पुरावा दुःखद आहे: जन्मतःच टी-पेशी नसण्याच्या दुर्मीळ आजारात बीसीजीचे दुबळे जंतूसुद्धा अंगभर पसरतात. अशा बाळांना ही लस देतच नाहीत. गाठ फारच मोठी झाली किंवा तिच्यात पू झाला तर डॉक्टरांना दाखवायचं, हेही मी शेजारणीला सांगितलं.

दंडातून फुफ्फुसात पोचायचं कसं? लसीने पोचायची गरजच नाही. पोचतात त्या शिकलेल्या पेशी, रक्तातून, सगळीकडे. माँटू चाचणी यावरच चालते. क्षयाच्या जंतूची प्रथिनं हाताच्या कातडीत टोचतात, आणि ती आधी ओळखणाऱ्या टी-पेशी अंगात असतील तर ४८ ते ७२ तासांत तिथे जमून कडक फुगवटा करतात. त्या शिकलेल्या असतात कुठेतरी भलतीकडेच. फुफ्फुसात क्षयाचा जंतू ज्या भक्षक पेशीत दडून बसतो, तिलाही त्याला मारायचं बळ मदतनीस टी-पेशीच्या गॅमा इंटरफेरॉन या सायटोकाइनमधून मिळतं. एचआयव्हीत सीडी४ घटल्या की क्षय उसळतो तो याच कारणाने.

काढ्याबद्दल थोडंच बोलते. आमसूल आमच्या घरात रोज असतं. पण आईने प्यालेल्या काढ्याने बाळाच्या टी-पेशी सात दिवसांत दुप्पट होतात याला काडीचाही आधार नाही, आणि सरसकट दुप्पट होऊन उपयोगही नाही. हवी ती दहा लाखांतली एक वाढायला हवी, आणि ती तुकडी दाखवल्याशिवाय वाढत नाही.

आजोबांचं म्हणाल, तर भारतात बीसीजी आली १९४८ साली. त्याआधी क्षयाने गेलेल्यांचे फोटो कुणाच्या भिंतीवर नसतात, कारण त्यातली पुष्कळ लेकरं होती. जगलेले आजोबा गोष्टी सांगतात, गेलेली मुलं सांगत नाहीत.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मी लपवणार नाही. मोठेपणीचा फुफ्फुसाचा क्षय बीसीजी रोखतेच असं नाही. तमिळनाडूत चिंगलपेटला १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्यांना असं संरक्षण मिळालं नव्हतं. ती वाचवते ती लहान मुलांना, मेंदूच्या आवरणाच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून. हे दोन्ही तान्ह्या बाळाचा जीव घेतात. गणपतीत वीस माणसं एका माजघरात झोपतात आणि कुणा काकांचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जुना असतो. काकांचा बेडका तपासायचा आणि बाळाला लस द्यायची, दोन्ही करावं लागतं.

बीसीजीची कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून आशाताई बाळांना एकाच दिवशी बोलावतात. तारीख हुकली असेल तर वर्षाच्या आत कधीही देता येते. पुळी आली की शेकू नका, मलम किंवा हळद लावू नका, नुसती कोरडी ठेवा.