अर्धा कटिंग आणि निळा डबा

पावतीवर कारण लिहिलंय ‘मिश्र कचरा’, रक्कम ५०० रुपये. मिश्र म्हणजे काय, तर सुक्या कचऱ्याच्या निळ्या डब्यात पडलेला एक कागदी कप आणि त्यात उरलेला अर्धा कटिंग. कटिंग मुळातच अर्धा असतो, म्हणजे पाव चहा. सकाळी सव्वाआठला, भज्यांचा घाणा कढईत असताना, कचरा तपासायला आलेल्या साहेबांनी माझ्या चहा-भज्यांच्या गाळ्यावर, गिऱ्हाइकांसमोर दंडाची पावती फाडली. कप टाकणारे काका शेजारीच उभे राहून साहेबांना सांगत होते, “नियम म्हणजे नियम.”

१ एप्रिल २०२६ पासून घनकचऱ्याचे नवे नियम देशभर लागू झाले. (तारीख मी निवडलेली नाही.) आता कचरा चार प्रकारचा: ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजी’चा. शेवटच्यात बंद पडलेले बल्ब, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं. चार डबे ठेवायला एक टेबल काढावं लागलं, म्हणजे चार गिऱ्हाइकं उठली. आमच्याकडे येणाऱ्या घंटागाडीला कप्पे मात्र दोनच. उरलेल्या दोन पिशव्या गाडीला बाहेरून लटकतात आणि वळणावर झोके घेतात.

काका निवृत्त आहेत. कुठून, ते त्यांनी पाच वेळा सांगितलंय आणि दर वेळी वेगळं. नियमांची छापील प्रत ते प्लास्टिकच्या फोल्डरात घालून आणतात.

“शेठ, तुम्ही बल्कमध्ये, म्हणजे मोठ्या प्रमाणात कचरा करणाऱ्यांत येता का?”

“काका, बल्क म्हणजे दिवसाला १०० किलो. मी आठवडाभर बटाट्याच्या काट्यावर तोललाय. दिवसाला २२ किलो भरतो. त्यातली १४ किलो सालं आणि चहाचा चोथा.”

“नुसत्या वजनावर जाऊ नका. तीनपैकी एक अट पुरते. क्षेत्रफळ २० हजार चौरस मीटर?”

आम्ही दोघांनी गाळ्याकडे पाहिलं. दीडशे चौरस फूट, त्यात फ्रीज, शेगडी आणि गणपतीचा कोनाडा.

“पोटमाळा धरला तर?”

“तरी थोडं कमी पडेल.”

“आणि पाणी? दिवसाला ४० हजार लिटर?”

“काका, दहा हजार लिटरचे चार टँकर या मोरीत ओतले तर भजी पोहत तुमच्या घरी येतील.”

“चिडू नका. माहिती असावी,” म्हणत त्यांनी फोल्डर मिटलं, चहा नको झाल्यासारखं तोंड केलं आणि कप निळ्या डब्यात सोडला. साहेब त्याच क्षणी वळले.

आता त्या कपाविषयी. कागदी म्हणतात खरा, पण आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा झिरपत नाही. त्याच थरामुळे रद्दीवाला त्याला हात लावत नाही. जागा सुक्या डब्यात, पण रिकामा आणि निथळलेला. चहासकट पडला की खालचा पुठ्ठा भिजतो, आणि भिजलेला पुठ्ठा भंगारवाला परत करतो. उपाय स्वस्त आहे. डब्याशेजारी बादली, तिच्यावर चाळणी. उरलेला चहा चाळणीत, चाळणीतला गाळ ओल्यात, कप उपडे करून एकात एक. शंभर कपांची चळत हातभर जागेत मावते, नाहीतर डबा दहा वाजताच भरतो. पाटी मी लावली आहे. पाटीवर लोक कप ठेवतात.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, थोडा जोडलेला राहू द्या. सुटलेला तुकडा कुणी वेचत नाही, तो गटारात जातो. पिशवी विसळून दोरीवर वाळवली की विकली जाते. न विसळता ठेवली तर दुसऱ्या दिवशी वास सुटतो आणि तिसऱ्या दिवशी अळ्या.

तळणीच्या तेलाचं जास्त सांभाळा. अन्नसुरक्षेच्या नियमात मर्यादा आहे ती ‘एकूण ध्रुवीय संयुगां’ची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठत जाणाऱ्या खराब घटकांची, २५ टक्के. जुन्या तेलात ताजं ओतून दिवस ढकलणं हा आमच्या धंद्याचा जुना रोग. उतरलेलं तेल गार करायचं, गाळायचं, पंधरा किलोच्या डब्यात झाकण लावून ठेवायचं आणि अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं. त्याचं बायोडिझेल होतं. मोरीत ओतलं तर नळीत बेसनाबरोबर त्याचा असा लगदा बसतो की प्लंबर आधी हसतो आणि मग पैसे सांगतो.

हे सगळं मी करतो. माझं दुखणं निराळंच आहे. नियम वेगळं करायला मला लावतो, कप गिऱ्हाईक टाकतं, पावती माझ्या नावाने फाटते, आणि शेवटी गाडीवरची ताई उघड्या हातांनी मी वेगळं केलेलं पुन्हा वेगळं करते. तिला हातमोजे कुणी दिलेले मी तरी पाहिले नाहीत. ५०० रुपयांत किती जोड येतात, हे त्या दिवशी साहेबांना विचारायचं राहून गेलं. भजी करपत होती.

दुसऱ्या दिवसापासून कप बंद, काचेचे ग्लास सुरू. फुटलेला ग्लास जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहायचं, म्हणजे ताईचा हात कापत नाही.

काका आले. ग्लास उजेडात धरून पाहिला, घोट घेतला, फोल्डर उघडलं.

“शेठ, ग्लास धुवायला पाणी किती लागतं हो? ४० हजारांच्या वर गेलात, तर बल्कमध्ये याल.”