छडी परत आणा म्हणे

आमच्या गावाकडच्या जुन्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच धोशा चालू आहे: छडी गेली आणि पोरं हाताबाहेर गेली. निमित्त झालं मधल्या सुट्टीतल्या मारामारीचं. नववीतल्या दोघांची जुंपली, एकाचं डोकं फुटलं. लगेच आमचे पंचेचाळिशीतले वीर 'गुरुजींनी झोडलं म्हणून माणसात आलो' सांगायला पुढे. अरे, गुरुजी झोडत होते तेव्हाही आपण कर्कटकाने एकमेकांना टोचतच होतो की! फक्त घरी सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर तिथेही प्रसाद ठरलेला.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने सरकारी शाळांत मुलांना मारायला बंदी केली 1867 साली. आपल्याकडे त्यासाठी 2009 चा शिक्षण हक्क कायदा यावा लागला. (अमेरिकेतल्याच मिसिसिपी राज्यात शाळेतला फळीचा मार अजून कायदेशीर आहे, पण मिसिसिपीशी माझा काय संबंध?) 2011 पासून इथे न्यू जर्सीत दादागिरीविरोधी कायदाही आहे. तक्रार आली की शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू, शाळेच्याच 10 दिवसांत पूर्ण. बसमध्ये माझ्या लेकाला डब्याच्या वासावरून चिडवत, ढकलत होते, तेव्हा एचआयबीचा, म्हणजे छळ-धमकी-दादागिरीच्या तक्रारीचा, फॉर्म मीच भरला. काउन्सेलरबाईंनी एकेकाला वेगळं बसवून विचारलं. ढकलणाऱ्यांना शिक्षा काय दिली, हे मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेव्हा माझा तिळपापड झाला होता. ग्रुपवर मी तीच गोष्ट कौतुकाने लिहिली.

त्यावर साताऱ्याचा बाळ्या म्हणाला, "तुमच्याकडे शाळेत गोळ्या चालतात, ते बघ आधी." टेक्ससमधल्या युवाल्डेला 2022 मध्ये शाळेतल्या गोळीबारात 19 मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. छडीचा त्याच्याशी काय संबंध, असं मी ठणकावलं. पण इथे दर महिन्याला सिक्युरिटी ड्रिल, म्हणजे शाळेत हल्लेखोर शिरला तर काय करायचं अशा गोष्टींची तालीम, असते. आज दिवे बंद करून कोपऱ्यात बसलो होतो, असं लेक जेवताना सांगतो आणि आणखी वरण मागतो. बाळ्याला हे सांगितलेलं नाही.

खरं तर भांडायला मला दुसरी जागा नाही. इथला नागरिक नसल्याने इथल्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मला मत नाही. मीटिंगला गेलो तर माइकवरची मोजकी मिनिटं इंग्रजी सावरण्यातच संपतात. बाळ्याशी कसं, तोंड सुटतं.

काल तो म्हणाला, "एवढं कळतंय तर ये इकडे. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात." असतात, पण त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलांचे.