हत्तीसोबत गुण्यागोविंदाने कसे नांदावे

बागायतदारहो, गेल्या आठवड्यात वनखात्याचे साहेब येऊन गावाला हत्तीसोबतचं सहजीवन शिकवून गेले. पत्रक वाटलं, चहा झाला, फोटो झाला. पत्रकात राहिलेल्या सूचना खाली देत आहे.

हत्ती हा पाहुणा समजा. 2002 साली कर्नाटकातून सिंधुदुर्गातल्या आपल्या दोडामार्गात उतरला, तेव्हापासून पाहुणाच आहे. दिवसाला दीडेकशे किलो खातो, तेव्हा केळी जरा जास्तच लावा.

माड आडवा केला तर हळहळू नये. त्याला फक्त शेंड्यातला कोवळा गाभा हवा असतो. नवा लावा, सहा-सात वर्षांत धरेल.

हत्तीला न आवडणारी हळद-मिरची लावा, असं पत्रक म्हणतं. लावाच. तो ती खाणार नाही, तुडवत शेजारच्या केळीत जाईल.

सुतळी बॉम्ब लावा. पहिले चार दिवस तो पळेल, नंतर तुम्ही.

मिरचीचा धूर करा. जुलैत.

चर खणा. पहिल्या पावसात काठ ढासळतील. उरलेले तो पुढच्या पायांनी पाडून स्वतःची वाट करून घेईल.

आता सौर कुंपण. याचं उद्घाटन जरूर करा. यंत्र सेकंदाला एक झटका सोडतं, काही हजार व्होल्टचा, जीव न घेणारा, पण सोंडेला कायमचा लक्षात राहणारा. फक्त पावसात गवत तारेला टेकतं आणि सगळा झटका जमिनीत जिरतो. आभाळ भरलेलं, त्यामुळे पॅनेल बॅटरी भरत नाही. मे महिन्यात जांभा कोरडाठाक, तेव्हा अर्थिंग लागत नाही. म्हणजे बारा महिन्यांतले कुंपणाचे किती उरले, मोजा! आणि हत्तीला हे कळत नाही असं समजू नका. सुळ्यातून वीज जात नाही, तो सुळ्याने तार तोडतो. सुळे नसले तर झाड ढकलून तारेवर पाडतो. मग तुटलेली तार जोडायची कोणी? ठेकेदाराचा फोन बंद. खांब ठोकायला निविदा निघते, आणि खांबाखालचं गवत काढायला मात्र 'तरतूद नाही'!

नुकसानीचा अर्ज तीन दिवसांत द्या. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली बारा मुंबईत. संमतीपत्रं घेऊन या म्हणे.

बास झालं. साहेब, पावसाळ्यात दर पंधरवड्याला दोन मजूर आणि कोयते, दर आठवड्याला तारेची तपासणी, बॅटरीत पाणी, तुटली तर दुसऱ्या दिवशी जोडणारा एक माणूस. एवढं जमत नसेल तर कुंपण उभारता कशाला? रात्रभर माचावर जागणाऱ्याला सहजीवन शिकवायची तुम्हाला लाज वाटत नाही? पुढच्या खेपेला पत्रकं नकोत. व्होल्टमीटर आणा आणि आमच्यासमोर तारेला लावून दाखवा.