टीएमएसने नैराश्य हटू शकते, ऑटिझम नव्हे

"महिनाभर मेंदूवर चुंबकाचे उपचार घ्या, ऑटिझम आणि नैराश्य दोन्ही जातात, दुष्परिणाम शून्य, औषधेही सुटतात." हा मजकूर हातोहात फिरतो आहे, आणि थकलेले पालक त्यावर विश्वास ठेवत आहेत.

ऑटिझम जातो? नाही. हा उपचार म्हणजे टीएमएस: डोक्याला कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, टेकवून चुंबकीय स्पंदांनी मेंदूचा ठरावीक भाग उत्तेजित करतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००८ मध्ये त्याला मान्यता दिली ती औषधांनी गुण न आलेल्या प्रौढांच्या नैराश्यासाठी. ऑटिझमवरचा उपचार म्हणून तिने ती दिलेली नाही.

नैराश्य नक्की जाते? इथे थोडे थांबायला हवे. ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळते, त्यामुळे उपचाराची गरज खरीच आहे. सर्वसाधारण रुग्णांत टीएमएसचा उपयोग चाचण्यांतून दिसला आहे, तरी अनेकांना गुण येत नाही. ऑटिस्टिक प्रौढांच्या नैराश्यावरचे अभ्यास मात्र लहान आहेत, आणि काहींत तुलनेसाठी खोटी, म्हणजे उपचार न देणारी, कॉइल लावलेला गटच नव्हता. सत्रांसाठी आठवड्याचे पाच दिवस जाताना कोणी आस्थेने विचारपूस केली तरी माणसाला बरे वाटते. त्यातले चुंबकाचे श्रेय किती, हे अशा गटाशिवाय कळत नाही. शिवाय मोजायचे कशाने? सपाट आवाज, भावहीन चेहरा, कमी बोलणे या खुणा नैराश्याच्या मानल्या जातात. अनेक ऑटिस्टिक माणसे मुळातच तशी असतात. उपचारानंतर मुलगी जास्त हसू लागली, तर तिचे दुःख हलके झाले की ते लपवायला ती शिकली? मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि उत्तर तिलाच विचारायला हवे.

दुष्परिणाम शून्य? डोके दुखते, डोक्याच्या त्वचेला टोचल्यासारखे होते. फिट येण्याचा धोका हजारात एकाहून कमी. पण ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये अपस्मार जास्त आढळतो, म्हणून तो इतिहास आधी सांगायलाच हवा. कॉइलचा टकटक आवाज इतका मोठा असतो की सगळ्यांनाच इअरप्लग लावतात. ज्याला मिक्सरचा आवाजही सोसत नाही, त्याने तो डोक्याला टेकवून चार ते सहा आठवडे ऐकायचा. थीटा बर्स्ट या नव्या, जलद पद्धतीत एक सत्र सुमारे तीन मिनिटांत संपते, जुन्या पद्धतीत ३७ मिनिटे लागत. अशा व्यक्तीसाठी हा फरक मोठा आहे, तेव्हा केंद्राला तो जरूर विचारा.

उलट बाजूने "हा तर शॉक" अशी भीती घालणारेही चुकतात. यात भूल नसते, माणूस जागा असतो, शॉकच्या उपचारासारखी फिट मुद्दाम आणली जात नाही.

आणि औषधे: ती मनाने बंद करू नका. अपस्माराची किंवा झोपेची काही औषधे एकदम थांबवली, तर त्यानेच फिट येऊ शकते.