‘नर्सरीतला दोनशेचा पंप गाडीला सगळ्याला चालतो’: चालतो कुठे आणि बसतो कुठे

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा: गाडी धुवायचे दोन-अडीच हजारांचे हातपंप म्हणजे निव्वळ लूट. नर्सरीतला दोनशेचा फवारणी पंप घ्या, शेवटी सगळं प्लास्टिकच. त्यात शाम्पूपासून व्हील क्लीनरपर्यंत काहीही भरा. काठोकाठ भरा, म्हणजे सारखं उघडायला नको. फेस जितका घट्ट तितकी गाडी स्वच्छ, हात लावायचीही गरज नाही. आणि वर्षभरात पंप खराब होणारच, मग महाग कशाला?

दोनशेचा पंप अगदीच टाकाऊ आहे, असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटं. साधं पाणी, न्यूट्रल (ना ॲसिड, ना अल्कली) शाम्पूचं पातळ पाणी आणि रिन्सलेस वॉश, म्हणजे लावल्यावर पाण्याने धुवून काढावं न लागणारं द्रावण, या तीन कामांना तो खुशाल वापरा. रिन्सलेसचं एकास 256 हे प्रमाण धरलं तर दीड लिटर पाण्याला जेमतेम 6 मिली द्रव लागतो, आणि एवढ्या पातळ मिश्रणाने कुठल्याच रबराचं काही बिघडत नाही. अट एकच: पंप नवा हवा. गुलाबावर कीटकनाशक मारलेला पंप तीन पाण्यांनी धुतला तरी गाडीला लावू नका. पार्किंगमध्ये उडणारा तुषार थेट नाकाशी येतो.

‘शेवटी सगळं प्लास्टिकच’ म्हणणारा बाटलीकडे बघतो. पण बाटली सहसा जात नाही, जातं ते आतलं रबर. पंपाच्या दांड्याला खाली एक वायसर असतो, सिलिंडरच्या तळाशी हवा परत येऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह, झाकणाला ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, आणि ट्रिगरच्या पिनला आणखी एक बारीक ओ-रिंग. हे रबर कशाचं आहे, यावर त्या पंपात काय भरायचं ते ठरतं.

नायट्राइल रबर तेलाला टिकतं, पण तीव्र ॲसिडपुढे हरतं. ईपीडीएम रबर पाणी, शाम्पू आणि अल्कलीवाल्या डिग्रीझरला (तेलकट मळ काढायच्या द्रवाला) उत्तम. मात्र डांबर काढायच्या पेट्रोलियम द्रवात ते फुगतं. व्हायटॉन उलट्या स्वभावाचं: ॲसिड आणि पेट्रोलियम सॉल्व्हंट सोसतं, तीव्र अल्कलीत हळूहळू कडक होऊन तडकतं. ॲसिटोन व्हायटॉनलाही फुगवतं. थिनरमध्ये काय काय मिसळलेलं आहे याचा नेम नसतो. म्हणून हे दोन्ही कुठल्याच हातपंपात नकोत, आणि पेट्रोल तर आगीच्या भीतीनेच नको. म्हणजे महागातला महाग व्हायटॉनचा पंप आणला आणि त्यात रोज बॉनेटखालचं इंजिन धुवायचा डिग्रीझर भरला, तर पैसे वायाच. दुकानदार ‘व्हायटॉन आहे साहेब’ म्हणाला की लगेच भारावून जायचं कारण नाही.

रबर नुसतं बघून ओळखू येत नाही. नायट्राइल काळं, ईपीडीएमही काळं. पुस्तिकेत किंवा बाटलीवर सीलचा प्रकार छापलेला असेल तर उत्तम. नसेल तर सुट्या रबरांच्या किटमधली जादा ओ-रिंग काचेच्या बाटलीत, ज्या प्रमाणात फवारणार त्याच मिश्रणात दोन दिवस बुडवून ठेवा आणि कोऱ्या रिंगशेजारी ठेवून बघा. मोठी दिसली, बोटाला चिकट लागली किंवा दुमडल्यावर बारीक चिरा पडल्या, तर ते केमिकल त्या पंपात नको.

बिघाडही रबरावरून ओळखता येतो. दांडा वर ओढायला जड जातोय आणि ओढताना चरचरतोय, तर वायसर फुगलाय. दाब भरल्यावर दांडा आपोआप वर येतोय, तर तळाचा व्हॉल्व्ह हवा धरत नाही. बहुतेक वेळा तिथे कचरा अडकलेला असतो, नाहीतर रबर वाकलेलं असतं. ट्रिगर सोडल्यावरही थेंब गळतात ते पिनवरच्या ओ-रिंगमुळे. ॲसिडच्या व्हील क्लीनरचा मार रबरापुरता थांबत नाही, आतली लोखंडी स्प्रिंग आणि पितळी नोजलही खातो. तेव्हा पंप किमान दोन ठेवा, एक शाम्पू-डिग्रीझरचा आणि एक ॲसिडचा, आणि दोन्हींवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा. ब्लीचचं द्रावण आणि ॲसिड एकाच बाटलीत आलं तर क्लोरीन वायू सुटतो, ही गोष्ट त्या मेसेजमधल्या ‘काहीही भरा’ला पुरेशी आहे.

‘काठोकाठ भरा’ याचा हिशोब अगदी साधा आहे. हा पंप चालतो तो दाबलेल्या हवेवर. हवेला जागाच नाही तर दाब टिकणार कसा? 2 लिटरची बाटली घ्या. त्यात 1.8 लिटर भरलं आणि दाब (बाहेरच्या हवेच्या दाबाहून वरचा) 3 बारवर नेला, तर 200 मिली फवारेपर्यंत हवेची जागा दुप्पट होते आणि दाब 1 बारवर येतो. म्हणजे एक दार होतं न होतं तोच पुन्हा दांडा. तीच बाटली 1.2 लिटर भरली तर तेवढंच फवारल्यावर दाब साधारण 2.2 बार राहतो. फेसाच्या पंपात तर हवा फेसातही खर्च होते, त्यामुळे तिथे आणखी जागा लागते. अशा बऱ्याच पंपांत (फोमरमध्ये) आतल्या नळीला वरच्या बाजूला हवा ओढायचं बारीक छिद्र असतं. ते पाण्याखाली गेलं की फेसाऐवजी साबणाचं पाणीच येतं, आणि लोक शाम्पूला नावं ठेवतात. खरेदी करताना बाटलीवर कमाल पातळीची रेघ कुठे आहे ते बघा. ‘2 लिटर’ हा आकडा बहुधा पूर्ण बाटलीचा असतो, भरायच्या पाण्याचा नव्हे. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला पंप घेऊच नका. व्हॉल्व्ह फुसफुसला की दांडा थांबवायचा.

‘फेस घट्ट तितकी गाडी स्वच्छ.’ मळ सोडवतं ते पत्र्याला लागलेलं ओलं द्रावण. दाढीच्या क्रीमसारखा फेस फोटोला छान दिसतो, पण त्यात पाणी कमी आणि हवा जास्त. थोडा ओला, हळूहळू खाली ओघळणारा फेस धूळ सोबत घेऊन उतरतो. नर्सरीच्या पंपात फेस करायची जाळी किंवा नमद्याची चकतीच नसते, त्यामुळे त्यातून फवाराच येणार. तोही वाईट नाही, फक्त फेसाची अपेक्षा ठेवू नका. आणि ‘हात लावायची गरज नाही’ हे तर कुठल्याच हातपंपाबाबत खरं नाही. घरगुती प्रेशर वॉशर 100 बारच्या आसपास किंवा वर काम करतो, हातपंप 2-3 बारवर. मेट्रो आणि बांधकामांची बारीक वाळू फेसाने सैल होते, ती उतरवायला पाण्याची धार लागतेच. धार न मारता फडकं फिरवलं की उन्हात दिसणारे गोल ओरखडे आलेच. फेस 3 ते 5 मिनिटं ठेवा, सावलीत, बॉनेट हाताला गार लागल्यावर. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर उघड्यावर हा उद्योग करूच नये. फेस वाळला की त्याचेच डाग पडतात.

फेस अजिबात धरत नसेल तर आधी पाणी तपासा. वाघोली, हिंजवडीकडे बोअर किंवा टँकरचं जड, क्षारांचं पाणी असेल तर शाम्पू जास्त लागतो आणि नोजलमध्ये पांढरा थर बसतो. पंपात फार तर दीड लिटर लागतं, तेवढं आरओचं पाणी घ्या. आरओतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी मात्र नको. क्षार त्याच्यातच साठलेले असतात, आणि नेमकं तेच ‘बचत’ म्हणून गाडीवर ओतलं जातं.

राहिलं ‘वर्षभरात खराब होणारच’. काम झाल्यावर आधी दाब सोडा, मग उरलेलं द्रावण काढा, पाव लिटर साधं पाणी भरून ट्रिगरमधून पूर्ण फवारून टाका आणि झाकण सैल ठेवून सुकवा. दाब भरलेला पंप मेच्या उन्हात डिकीत ठेवू नये. उकळतं पाणी कधीच भरू नये. वायसर आणि ओ-रिंगला दोन-तीन महिन्यांनी सिलिकॉन ग्रीसचं अगदी पुसट बोट लावा. व्हॅसलीन नको, ईपीडीएम त्याने फुगतं. (पेंटिंगचं काम चालतं त्या गॅरेजमध्ये सिलिकॉनही जपून. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर रंगाला खड्डे पडतात.)

आणि नाना पेठेत घ्या, बोहरी आळीत घ्या की ऑनलाइन, पैसे देण्याआधी एक विचारा: याचं वायसर किट सुटं मिळतं का, आणि कितीला? नाही म्हणाले तर तो पंप दोनशेचा असो की अडीच हजारांचा, तिथेच ठेवून द्या.